झिजलेल्या नाण्याची किंमत

नाणी जमवणारी दोन-चार मुले प्रत्येक शाळेत असतातच. त्यांपैकी कोणी आजीच्या फडताळातून निघालेला ढब्बू पैसा, तर कोणी शेत नांगरताना सापडलेली शिवराई घेऊन येते आणि पहिला प्रश्न विचारते, ‘‘सर, याची किंमत किती?’’ नाणे बहुधा इतके झिजलेले असते की त्यावरची अक्षरे बोटाने चाचपून शोधावी लागतात. अशा वेळी आपण दोनपैकी एक उत्तर देतो. ‘जुने आहे, म्हणजे मौल्यवान असणार’, किंवा ‘फारच झिजले आहे, आता त्याचा काही उपयोग नाही’. ही दोन्ही उत्तरे चूक आहेत. ती का चूक आहेत हे समजून घेण्यासाठी थोडा इतिहास, थोडे पदार्थविज्ञान आणि थोडे संख्याशास्त्र यांची मदत घ्यावी लागते. ती आपण या लेखात घेऊ या.

बाजाराची मोजपट्टी

आधी बाजारभावाचे पाहू. संग्राहक नाण्यासाठी किती पैसे मोजेल हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते. तशी नाणी किती शिल्लक आहेत, ती किती जणांना हवी आहेत आणि हाती असलेले नाणे कोणत्या अवस्थेत आहे. या यादीत वयाला स्वतंत्र स्थान नाही. दोन हजार वर्षांहून जुनी चांदीची आहत नाणी, म्हणजे ठसे ठोकून केलेली नाणी, हजारोंच्या संख्येने सापडली आहेत. त्यामुळे त्यांतील नेहमीच्या प्रकारचे नाणे विसाव्या शतकातील एखाद्या दुर्मीळ नाण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त असू शकते.

अवस्था ठरवण्यासाठी संग्राहकांनी श्रेणी पाडल्या आहेत. विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी गुणांची पट्टी सुचवली. जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याला १ गुण आणि टाकसाळीतून नुकत्याच आलेल्या निर्दोष नाण्याला ७०. गुणांच्या प्रमाणात किंमत असावी अशी त्यामागची कल्पना होती. किमतीचे हे गणित फार काळ टिकले नाही, पण १ ते ७० ही पट्टी मात्र आजही जगभर वापरली जाते.

अशा पट्टीमागचे निरीक्षण सोपे आहे. नाण्याच्या पृष्ठभागावरचा जो भाग सर्वांत उंच, तो आधी झिजतो. राजाचे चित्र असेल तर कानावरचे केस, भुवई आणि गाल आधी सपाट होतात. खोलगट भागातली बारीक रेघ शेवटपर्यंत टिकते. म्हणून पारखी माणूस आधी उंचवटे पाहतो.

मात्र नाण्यावर जे दिसत नाही ते सगळे झिजूनच गेले असे समजू नये. शिवराईचेच उदाहरण घ्या. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेले हे तांब्याचे नाणे शिवाजी महाराजांच्या काळात सुरू झाले आणि पुढे पेशवाईतही पाडले जात राहिले. तेव्हा हाती आलेली प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळातली असे म्हणता येत नाही. हाताने ठोकलेल्या अशा नाण्यांत धातूची चकती पुष्कळदा ठशापेक्षा लहान असे. मग एखादे अक्षर चकतीवर उमटतच नसे. ते अक्षर झिजलेले नाही, ते तिथे कधी नव्हतेच. शिवाय ठसा हलका पडलेला असू शकतो, जमिनीतल्या क्षारांनी धातू खाल्लेला असू शकतो, किंवा कोणी कडेने धातू कातरून घेतलेला असू शकतो. झीज, अर्धवट ठसा, गंज आणि कातर या चार गोष्टी वेगळ्या ओळखता येणे ही नाणे पारखण्याची पहिली पायरी आहे.

बट्टा आणि झीज

झिजलेल्या नाण्याकडे तोटा म्हणून पाहण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे नाना प्रकारचे रुपये एकाच वेळी चालत. सराफ आणि पोतदार नाणे वाजवून, कसोटीवर घासून आणि तोलून पाहत. चांदी कमी भरली तर तेवढा बट्टा कापून घेत. नाण्याची किंमत त्यातल्या धातूइतकी असे, तोवर हे योग्यच होते. ‘नावाला बट्टा लागणे’ हा आपला वाक्प्रचार या व्यवहाराची आठवण देतो.

सराफाच्या दृष्टीने झीज म्हणजे हरवलेली चांदी. पण ही चांदी गेली कुठे आणि कशी? नाणे एका हातातून दुसऱ्या हातात जाते, पिशवीत इतर नाण्यांवर घासते, फरशीवर पडते. दर वेळी धातूचे अगदी सूक्ष्म कण निघून जातात. एका वेळची झीज तराजूला कळणार नाही इतकी कमी असते, पण अशा हजारो घटना साचत गेल्या की वजनात फरक पडतो. म्हणजे झीज हा नाणे किती वापरले गेले याचा हिशेबच आहे. प्रश्न एवढाच की तो वाचायचा कसा?

एकटे नाणे घेऊन तो वाचता येत नाही. समजा, नवे नाणे सरासरी ३.५ ग्रॅमचे आहे आणि टाकसाळीतच नाण्या-नाण्यांत सुमारे ५० मिलिग्रॅमची तफावत राहत होती. समजा, वापरामुळे वर्षाला सरासरी २ मिलिग्रॅम झीज होते. वीस वर्षांत ४० मिलिग्रॅम कमी झाले. आता एखादे नाणे ४० मिलिग्रॅमने हलके भरले, तर ते वीस वर्षे वापरलेले आहे की मुळातच हलके होते? सांगता येणार नाही. पण तशीच शंभर नाणी तोलली, तर त्यांच्या सरासरीतील अनिश्चितता ५० भागिले १०० चे वर्गमूळ, म्हणजे फक्त ५ मिलिग्रॅम राहते. आता ४० मिलिग्रॅमची घट लपून राहू शकत नाही. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.)

आणखी एक गोष्ट घडते. काही नाणी रोज बाजारात फिरतात, काही वर्षानुवर्षे गाडग्यात पडून राहतात. त्यामुळे काळ जातो तशी सरासरी कमी होतेच, शिवाय वजनांतली तफावतही वाढत जाते. सरासरीतली घट आणि तफावतीतली वाढ ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसली, तर नाणी खरोखरच चलनात फिरली होती असे मानायला आधार मिळतो.

पुण्यातील एक गणिती आणि तक्षशिलेची नाणी

हा विचार पद्धतशीरपणे मांडला तो दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी. १९०७ साली गोव्यात जन्मलेले, हार्वर्डमध्ये शिकलेले कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते. संख्याशास्त्राच्या पद्धती खऱ्याखुऱ्या सामग्रीवर वापरून पाहाव्यात या हेतूने ते नाण्यांकडे वळले. त्यांनी आधी आपल्या काळातील चलनी नाणी तोलली. त्यांची सालवार वजने घेतली, तेव्हा जुन्या सालाच्या नाण्यांची सरासरी कमी आणि तफावत अधिक आढळली. नाण्यावर साल छापलेले असल्यामुळे ही पद्धत बरोबर आहे की नाही हे तपासता येत होते. मगच ते ज्यांच्यावर ना साल आहे ना राजाचे नाव, अशा प्राचीन नाण्यांकडे गेले. ओळखीच्या गोष्टीवर साधन तपासून घ्यायचे आणि नंतर ते अनोळखी गोष्टीवर वापरायचे, हा क्रम विज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या आवर्जून लक्षात आणून द्यावा असा आहे.

सामग्री मिळाली ती तक्षशिलेची. आज पाकिस्तानात असलेल्या या नगरीच्या भीर टेकाडात १९२४ साली हजाराहून अधिक नाण्यांचा एक संचय सापडला होता. त्यात बहुसंख्य आहत कार्षापण होते आणि त्यांच्याबरोबर अलेक्झांडरची दोन व त्याचा सावत्र भाऊ फिलिप अऱ्हिडिअस याचे एक, अशी जवळजवळ कोरी नाणीही होती. फिलिपची कारकीर्द इ. स. पू. ३२३ ते ३१७ अशी. त्यामुळे हा संचय केव्हा पुरला गेला असेल याचा अंदाज बांधता आला. ई. एच. सी. वॉल्श यांनी १९३९ साली या नाण्यांचे वर्णन वजनांसह प्रसिद्ध केले.

या कार्षापणांच्या दर्शनी बाजूवर पाच ठसे असतात. सूर्य, सहा आऱ्यांचे चिन्ह, प्राणी, झाड असे. मागील बाजूवर मात्र लहान लहान ठसे असतात आणि त्यांची संख्या ठरलेली नसते. काहींवर एकही नाही, काहींवर अनेक. हे ठसे कशासाठी, याबद्दल तर्क पुष्कळ होते. कोसंबींनी १९४१ च्या सुमारास या वजनांचा अभ्यास केला. त्यांनी मागील ठशांच्या संख्येनुसार नाण्यांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाची सरासरी काढली. ठसे जितके अधिक तितके सरासरी वजन कमी, असा नियमित उतार दिसला.

याचा अर्थ काय? ठसा ठोकल्याने धातू दबतो, निघून जात नाही. म्हणजे ठशांमुळे वजन घटले असे म्हणता येत नाही. मग ठशांची संख्या आणि वजनातली घट या दोन्हींमागे तिसरेच काही कारण असले पाहिजे. ते कारण म्हणजे काळ. ठरावीक काळाने कोणीतरी नाणी तपासून त्यांवर आपली खूण करत असावे, असा निष्कर्ष कोसंबींनी काढला. झीज हे घड्याळ ठरले आणि मागचे ठसे त्याचे टोले. या पद्धतीने दर्शनी बाजूच्या कोणत्या चिन्हगटाची नाणी आधीची आणि कोणत्या गटाची नंतरची, हेही क्रमाने लावता येऊ लागले.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. सर्व गटांचे मूळ वजन सारखे होते आणि ती साधारण सारख्याच वेगाने फिरत होती, असे यात गृहीत धरावे लागते. वेगवेगळ्या प्रदेशांतली नाणी एकत्र केली तर क्रम चुकू शकतो. चिन्हगट विशिष्ट राजांशी जोडण्याचा कोसंबींचा प्रयत्न सर्व नाणेतज्ज्ञांनी मान्य केलेला नाही. पण झीज ही मोजण्याजोगी साक्ष आहे, हा त्यांचा मूळ मुद्दा टिकून आहे. १९६६ साली, आपल्या निधनाच्या वर्षी, त्यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात याच विषयावर लेख लिहिला.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की ही सारी माहिती मिळाली ती झिजलेल्या नाण्यांतून. कोणी त्या संचयातली चांगली दिसणारी शंभर नाणी निवडून बाकीची वितळवली असती, तर घड्याळच मोडले असते.

जोगळटेंभीचा धडा

अशीच एक गोष्ट आपल्या घराजवळची आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा संचय सापडला. नाणी होती १३,२५० च्या आसपास. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यांचा अभ्यास करून १९०८ साली तो प्रसिद्ध केला. नाणी क्षहरात वंशातील क्षत्रप नहपान याची होती. एका बाजूला राजाचा मुखवटा आणि ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख. पण यातील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर आणखी एकदा ठसे मारलेले होते. एका बाजूला टेकडीसारखी तीन कमानींची आकृती, दुसऱ्या बाजूला ‘उज्जयिनी चिन्ह’, आणि सोबत गौतमीपुत्र सातकर्णीचे नाव.

इथे नाणी बिघडली ती झिजेने नव्हे, दुहेरी ठशाने. पण देखणी नाणी शोधणाऱ्याला ती तशीच टाकाऊ वाटतील. नहपानाचा चेहरा अर्धा पुसलेला, त्याच्या नाकावर सातवाहनांची टेकडी चढलेली, आणि दोन्हींपैकी एकही आकृती धड नाही. तरीही इतिहासाच्या दृष्टीने हीच नाणी अधिक बोलकी आहेत. कोणता ठसा खाली आणि कोणता वर, हे दिसते. म्हणजे आधी कोण आणि नंतर कोण, याबद्दल शंका उरत नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांतील एका शिलालेखात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री आपल्या मुलाने क्षहरात वंश निःशेष केला असे सांगते. आई मुलाचे कौतुक करणारच, असे म्हणून तो लेख बाजूला ठेवता आला असता. पण शत्रूच्या हजारो नाण्यांवर स्वतःचा ठसा मारून ती पुन्हा चलनात आणणाऱ्या राजाने तो प्रदेश खरोखर जिंकला होता, हे ही नाणी स्वतंत्रपणे सांगतात.

ही नाणी ज्या जगात फिरत होती त्याची झलकही त्याच लेण्यांत मिळते. नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा १ व्याजाने आणि दुसऱ्या श्रेणीकडे १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण व्याजाने ठेवल्याची नोंद आहे. पहिल्या रकमेच्या व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा खर्च भागायचा होता. नाणी झिजत होती ती अशा देवघेवीत.

संख्या मोठी असल्याचा आणखी एक फायदा झाला. नहपानाच्या नाण्यांवरचे चेहरे एकमेकांपासून बरेच वेगळे आहेत, वय आणि नाकाची ठेवणसुद्धा वेगवेगळी, हे स्कॉट यांच्या ध्यानात आले. एखाददुसरे सुंदर नाणे समोर असते तर आपण तोच नहपानाचा खरा चेहरा मानून पुस्तकात छापला असता.

चकचकीत नाणे, पुसलेला पुरावा

आता शाळेतल्या संग्रहाकडे येऊ. नाणे हाती आले की चिंच, लिंबू, राख किंवा पितांबरी लावून ते लख्ख करण्याचा मोह होतो. हे अजिबात करू नये. चांदीवरचा काळा थर बहुधा चांदीच्या सल्फाइडचा असतो. त्यात नाण्यातलीच चांदी असते. तो घासून काढला की वजन घटते आणि उरलेसुरले उंचवटेही सपाट होतात. म्हणजे शंभर वर्षांच्या वापराने केलेल्या झिजेत आपण पाच मिनिटांत आपली भर घालतो आणि दोन्ही कायमच्या मिसळतात. गंमत म्हणजे बाजारातही घासलेल्या नाण्याला कमीच किंमत येते.

तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी भुकटी दिसली तर ते नाणे बाकीच्यांपासून वेगळे, कोरड्या जागी ठेवावे. क्लोराइड क्षार आणि दमट हवा यांमुळे होणारी ती झीज चालूच राहते. नाणी कडेने धरावीत, प्रत्येक नाणे वेगळ्या कागदी पाकिटात ठेवावे. मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पिशव्या टाळाव्यात, कारण त्यांतून कालांतराने निघणारी द्रव्ये धातूला खराब करतात.

पाकिटावर काय लिहावे? नाणे कुठे मिळाले, केव्हा मिळाले, त्याच्याबरोबर आणखी काय होते, वजन किती, व्यास किती, कोणती अक्षरे दिसतात आणि झीज सर्वत्र सारखी आहे की एकाच बाजूला. ‘बाजारातून विकत घेतले’ असेल तर तेही प्रामाणिकपणे लिहावे. गावाचे नाव लिहिलेली अस्पष्ट शिवराई ही कोणतीच माहिती नसलेल्या स्वच्छ शिवराईपेक्षा अभ्यासकाला अधिक उपयोगी पडते.

शेतात किंवा घराच्या पायात नाण्यांचे गाडगे सापडले, तर ते वाटून घेणे किंवा सोनाराकडे नेणे हा कायद्याने गुन्हा ठरू शकतो. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. पण कायद्याइतकेच महत्त्वाचे कारण आपण वर पाहिले. मुशीत गेलेल्या चांदीचे वजन उरते, पण कोणती नाणी कोणत्या प्रमाणात एकत्र होती हे पुन्हा कधीच कळत नाही.

वर्गात करून पाहण्याजोगा प्रयोग

१९९२ पासून निघालेले तांबे-निकेलचे पाच रुपयांचे जाड नाणे नवे असताना ९ ग्रॅमचे असते. अशी नाणी मुलांना जमवायला सांगा आणि सालानुसार त्यांचे गट पाडा. नंतर आलेली स्टीलची हलकी नाणी यात मिसळू देऊ नका. प्रयोगशाळेतल्या भौतिक तराजूवर प्रत्येक नाणे १० मिलिग्रॅमपर्यंत तोला. प्रत्येक सालाची सरासरी आणि प्रमाण विचलन काढा आणि सालासमोर त्यांचा आलेख मांडा. एका सालाची निदान वीस-पंचवीस नाणी असावीत.

आलेख सरळ रेषेत येईलच असे नाही. न आल्यास अधिक बरे, कारण मग मुले प्रश्न विचारतील. नाणी कमी पडली का? एखादे बनावट नाणे आत शिरले का? हे नाणे बरीच वर्षे कोणाच्या डब्यात पडून होते का? टाकसाळीगणिक फरक असेल का? तक्षशिलेच्या नाण्यांपुढे बसलेल्या कोसंबींनाही याच जातीचे प्रश्न सोडवावे लागले होते.

यानंतर एखाद्या मुलाने झिजलेले नाणे पुढे करून ‘याची किंमत किती’ असे विचारले, तर बाजारभाव सांगायला हरकत नाही. मात्र त्याला लगेच तराजूपाशी न्यावे आणि नाणे कुठून आले ते लिहून घ्यायला सांगावे.